ड्रायर, स्ट्रेटनर, टाँग: केस न जाळता वापरण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लग्नसराई जवळ आली की पार्लरच्या फोनवर हे प्रश्न सुरू होतात. नवरीचे कमी, करवल्यांचे जास्त. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. आधी साधे, मग अडचणीचे. एकदा सांगितलेली गोष्ट परत लिहिलेली नाही, तिथे फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. तापमानाचे सगळे आकडे सेल्सिअसमध्ये आहेत.

१. रोज ड्रायर किंवा स्ट्रेटनर वापरला तर केस खराब होतातच का?

स्ट्रेटनर रोज वापरला तर होतात. ड्रायरचं तसं नाही. ड्रायरची हवा केसापर्यंत पोचेस्तोवर बरीच निवते. स्ट्रेटनरची प्लेट मात्र दीडशे-दोनशे अंशांवर थेट केसाला दाबली जाते. त्यामुळे दोघांना एकाच माळेचे मणी समजू नका.

केस फक्त मुळाशी जिवंत असतो. टाळूच्या बाहेर आलेला केस मृत असतो, म्हणून त्वचा भरून येते तसा तो भरून येत नाही. महिन्याला तो साधारण १ ते सव्वा सेंटीमीटर वाढतो. म्हणजे कमरेपर्यंत केस असतील तर त्यांचे शेंडे पाच-सहा वर्षांपूर्वी उगवलेले आहेत, आणि तेव्हापासूनचं प्रत्येक न्हाणं, प्रत्येक गुंता आणि प्रत्येक स्ट्रेटनर त्यांनी सोसलेला आहे. नुकसान साठत जातं ते असं. आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा स्ट्रेटनर ठीक, तोही प्रश्न ५ मधल्या तापमानावर.

२. उष्णतेने केस सरळ होतात म्हणजे आत नेमकं काय होतं?

केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो. त्याचे धागे एकमेकांना दोन प्रकारच्या बंधांनी धरलेले असतात. हायड्रोजन बंध कच्चे: पाण्याने सुटतात, उष्णतेने सुटतात, आणि केस वाळताना किंवा गार होताना ज्या आकारात असेल त्या आकारात पुन्हा जुळतात. स्ट्रेटनर आणि टाँग (कर्ल करायची तापणारी दांडी) यांचं सगळं काम या कच्च्या बंधांवर चालतं, म्हणून पुढच्या न्हाण्यापर्यंतच टिकतं. दुसरे गंधकाचे पक्के बंध. ते रिबाँडिंगमधल्या (पार्लरमध्ये केस कायमचे सरळ करतात, त्या प्रक्रियेतल्या) रसायनांनी तोडावे लागतात.

यातून एक कामाची गोष्ट निघते. आकार पक्का होतो तो केस तापताना नाही, गार होताना. गरम कर्ल लगेच विंचरला की तो गेलाच.

केसाच्या बाहेरच्या अंगाला मंगलोरी कौलांसारखे एकावर एक बसलेले खवले असतात. जास्त उष्णतेने ते उचकटतात, तडकतात आणि शेवटी झडतात. केस खरखरीत लागतो, चमक जाते, गुंता वाढतो, तो यामुळे.

३. जरासे ओले असतानाच स्ट्रेटनर फिरवला तर वेळ वाचतो. त्यात काय बिघडतं?

या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

ओल्या केसातल्या पाण्याची प्लेटच्या उष्णतेने क्षणात वाफ होते. तिला बाहेर पडायला वाट मिळत नाही, म्हणून ती केसाच्या आतच पोकळ्या करते. सूक्ष्मदर्शकाखाली असा केस आतून फेसाळलेला दिसतो. डॉक्टर त्याला ‘बबल हेअर’ म्हणतात आणि वैद्यकीय नोंदींत हा प्रकार १९८६ पासून आहे. जिथे पोकळी, तिथे केस तुटतो. वरून काहीच कळत नाही. पुढच्या काही दिवसांत भांगाजवळ चार-चार बोटांचे तुटके केस उभे राहतात आणि बाई म्हणते, शांपू बदलला म्हणून झालं.

प्लेट दाबल्यावर ‘चर्र’ आवाज आला तर तो पाण्याचा आवाज आहे. तिथेच थांबायचं.

केस वाळलेत की नाही हे वरच्या थरावरून ठरवू नका. मानेवरचे, आतले केस चिमटीत धरून बघा. गार लागले तर ते अजून ओले आहेत. पावसाळ्यात आणि कोकणात हे आतले केस दोन-दोन तास तसेच राहतात. ओल्यावर चालतील अशी वाफ बाहेर सोडायच्या फटी असलेली स्ट्रेटनरंही बाजारात मिळतात. पाच मिनिटांसाठी ही जोखीम घ्यावी असं मला वाटत नाही.

४. ड्रायर लावण्यापेक्षा केस आपोआप वाळलेले बरे ना?

बहुतेकांना हेच वाटतं, पण उत्तर इतकं सरळ नाही. कोरियातल्या संशोधकांनी २०११ मध्ये केसांच्या बटा वेगवेगळ्या तऱ्हेने वाळवून पाहिल्या. ड्रायर जितका जवळ, तितकं केसाच्या पृष्ठभागाचं नुकसान जास्त, हे अपेक्षेप्रमाणे निघालं. पण केसाच्या आतल्या थरांना जोडणाऱ्या पापुद्र्याचं नुकसान फक्त आपोआप वाळलेल्या केसांत दिसलं. केस बराच वेळ पाण्याने फुगलेला राहतो, त्यामुळे असं होत असावं, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी शिफारस केली ती १५ सेंटीमीटर अंतराची, ड्रायर सतत हलता ठेवून. त्या अंतरावर हवा सुमारे ४७ अंश होती. ५ सेंटीमीटरवर ती ९५ अंशांपर्यंत गेली.

म्हणून मधला मार्ग घ्या. न्हाल्यावर पंचाने किंवा जुन्या सुती टी-शर्टने केस दाबून टिपा, खसाखसा पुसू नका. अर्ध्याहून जास्त वाळू द्या. मग वीतभरापेक्षा जरा कमी अंतरावरून, मध्यम उष्णतेवर, मुळाकडून शेंड्यांकडे हवा मारा. उलट दिशेने मारली तर खवले उभे राहतात. पुढचं चपटं तोंड (नोझल) बॉक्समध्येच पडून असतं, ते लावा. त्याने हवा एका दिशेने जाते आणि केस कमी विस्कटतात. शेवटी गार हवेचं बटण अर्धा मिनिट.

ओले केस बांधून ऑफिसला पळणं मात्र दोन्हींपेक्षा वाईट. संध्याकाळी अंबाडा सोडला तरी आतून ओलाच निघतो.

५. स्ट्रेटनरचं तापमान किती ठेवायचं?

बारीक केसांना १३० ते १५०, मध्यम केसांना १५० ते १७५, जाड आणि दाट कुरळ्या केसांना १८० ते १९०. रंगवलेले, ब्लीच केलेले किंवा रिबाँडिंग केलेले केस कसेही असोत, १५० च्या आत. घरी २०० च्या वर जायची गरज कोणालाच नाही. कोरड्या केसातल्या केराटिनची घडणच २३० अंशांच्या आसपास मोडते, आणि बऱ्याच मशीनचा शेवटचा आकडा तिथेच असतो.

आकडा शोधायची रीत अशी: खालच्या तापमानावर एक बट घ्या, प्लेट एकदाच, न थांबता, सावकाश फिरवा. बट सरळ झाली तर तेच तुमचं तापमान. नाही झाली तर दहाने वाढवा. एकाच बटेवर पाच-सहा वेळा घासत बसण्यापेक्षा दहा अंश वाढवून एकदा फिरवलेलं चांगलं. बट पातळ घ्या, इतकी की प्लेटच्या दोन्ही बाजूंनी बाहेर येणार नाही. घाईत जाड बट घेतली की वरचे केस भाजतात, आतले तसेच राहतात, आणि मग पुन्हा फिरवावं लागतं.

मुळाशी जास्त वेळ आणि शेंड्यांना कमी द्या. लोक नेमकं उलट करतात, कारण शेंडे हाताला सोपे पडतात.

६. माझे केस बारीक की जाड, हे ओळखायचं कसं?

एक केस अंगठा आणि तर्जनीत धरून फिरवा. हाताला जाणवलाच नाही तर बारीक, ठसठशीत लागला तर जाड, मधला तर मध्यम. वेणी जाड आहे म्हणून केस जाड, असं नसतं. बारीक केस संख्येने खूप असले तरी वेणी मनगटाएवढी होते, आणि अशा बायका १९० वर मशीन लावून केस जाळून घेतात.

७. सिरॅमिक, टूर्मलाइन, टायटॅनियम. कोणती प्लेट घ्यावी?

आधी तापमानाचं डायल बघा, प्लेट नंतर. नुसतं चालू-बंदचं बटण असलेलं मशीन कोणत्याही प्लेटचं असलं तरी घेऊ नका. ते किती तापतं ते तुम्हाला कळत नाही, आणि कळलं तरी कमी करता येत नाही.

डायल असेल तर मग फरक असा: सिरॅमिक सगळीकडे सारखं तापतं, घरगुती वापराला बरं. स्वस्त मशीनमध्ये धातूवर सिरॅमिकचा नुसता लेप असतो आणि तो झिजतो. टायटॅनियम पटकन तापतं आणि उष्णता जोरात देतं. पार्लरमध्ये दिवसभर काम करणाऱ्या हाताला ते सोयीचं, नवख्याला नाही. टूर्मलाइन हे खनिज आहे, ते सिरॅमिकमध्ये मिसळतात. त्याने केसांतली स्थिर वीज कमी होते, पण डब्यावर लिहिलेलं असतं तितका चमत्कार होत नाही.

खांद्यापर्यंतच्या किंवा त्याहून आखूड केसांना इंचभर रुंदीची प्लेट, लांब दाट केसांना दीड ते दोन इंच. दुकानात प्लेट मिटून उजेडाकडे धरा. मध्ये फट दिसली तर ते मशीन केस ओढणार. दाबल्यावर प्लेट किंचित आत जायला हवी. ठरावीक वेळाने आपोआप बंद होण्याची सोय असेल तर उत्तम, कारण ‘मी मशीन बंद केलं का?’ हा विचार नेहमी लोकल सुटल्यावरच येतो.

८. महागडं मशीन घेतलं तर केस वाचतात का?

थोडे. डायसन कंपनीचा सुपरसॉनिक हा ड्रायर २०१६ मध्ये आणि एअररॅप हे कर्ल करायचं मशीन २०१८ मध्ये आलं, तेव्हापासून हा प्रश्न थांबलेला नाही. एअररॅपमध्ये तापलेली दांडी नसते. वेगाने वाहणारी हवा वळणदार पृष्ठभागाला चिकटून वाहते, या कोआंडा परिणामाचा वापर करून ते बट स्वतःभोवती गुंडाळून घेतं, आणि तापमान १५० च्या खाली राखतं. कल्पना चांगलीच आहे. पण साधं डायलवालं मशीन १५० वर लावणं तुमच्याही हातात आहे. उरलेल्या पैशांत दर अडीच-तीन महिन्यांनी शेंडे कापून घेतले तर केस त्यानेच जास्त बरे दिसतील.

९. हीट प्रोटेक्टंट खरंच काम करतं की नुसता धंदा?

करतं, पण ढाल म्हणून नाही. त्यातले सिलिकोन आणि पॉलिमर केसावर पातळ थर धरतात. उष्णता जरा सावकाश आणि सारखी पसरते, प्लेट घसरते, घासणं कमी होतं. बाटलीमागे डायमेथिकोन, सायक्लोपेंटासिलोक्सेन, पॉलिक्वाटर्नियम अशी नावं दिसली तर माल कामाचा आहे. नुसती ‘हर्बल’ पानं-फुलं असतील तर शंका घ्या. प्रोटेक्टंट लावलंय म्हणून २२० वर जायचं, हे मात्र चालणार नाही.

क्रीम असेल तर ड्रायरच्या आधी दमट केसांवर, वाटाण्याएवढं, मधल्या भागापासून शेंड्यांपर्यंत. स्प्रे असेल तर मारून पूर्ण वाळू द्या, मगच स्ट्रेटनर. नाहीतर प्रश्न ३ मधलाच प्रकार होतो. बऱ्याच स्प्रेमध्ये अल्कोहोल असतं, तेव्हा देवघरातल्या दिव्याशेजारी फवारू नका.

१०. आजी म्हणते खोबरेल तेलाने केस वाचतात. तेल लावून स्ट्रेटनर फिरवू का?

आजीचं बरोबर आहे, फक्त वेळ वेगळी. २००३ मध्ये मुंबईच्या मॅरिको कंपनीतल्या संशोधकांनी खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेलाची तुलना प्रसिद्ध केली. न्हाण्याआधी किंवा नंतर लावलेल्या खोबरेल तेलाने केसातून वाहून जाणारं प्रथिन लक्षणीय कमी झालं. बाकी दोघांनी तसं केलं नाही. खोबरेल तेल हीच कंपनी विकते, हे लक्षात असू द्या, पण कारण पटण्यासारखं आहे. खोबरेल तेलात मुख्य असतं लॉरिक आम्ल. त्याचे रेणू लहान आणि सरळ, म्हणून ते केसाच्या आत शिरतं.

तेव्हा तेल आदल्या रात्री किंवा न्हाण्याआधी तास-दोन तास. मग शांपू, मग वाळवणं, मग स्ट्रेटनर. तेलकट केसावर प्लेट दाबली तर तेल तापतं. घाण्याचं न शुद्ध केलेलं खोबरेल १७५ अंशांच्या आसपास धुरावू लागतं. वर प्लेटवर त्याचा चिकट काळा थर बसतो, तो वेगळाच ताप.

११. आमच्याकडे बोअरचं पाणी आहे. कितीही सरळ केले तरी केस राठच दिसतात.

जड पाण्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार केसावर बसतात. केस राठ दिसतो म्हणून लोक तापमान वाढवतात, आणि तिथून चक्र सुरू होतं. महिन्यातून एक-दोनदा क्षार काढणारा (क्लॅरिफाइंग किंवा किलेटिंग) शांपू वापरा, त्यानंतर कंडिशनर चुकवू नका, आणि शेवटचा तांब्या फिल्टरच्या पाण्याचा घ्या. टँकरच्या पाण्यालाही हेच लागू.

१२. पुण्यात दिवसभर टिकतात, मुंबईला गेले की दोन तासांत केस फुगतात. का?

हवेतला दमटपणा. प्रश्न २ मधले कच्चे बंध पाण्याने सुटतात, आणि मुंबईच्या, गोव्याच्या, रत्नागिरीच्या हवेत पाणी भरपूर असतं. केस ते शोषतो आणि आपल्या मूळ आकाराकडे परततो. केस पूर्ण गार झाल्यावर सिलिकोनवाल्या सिरमचे दोन थेंब शेंड्यांना लावले तर हे जरा लांबतं. दुपारी ऑफिसच्या वॉशरूममध्ये पुन्हा मशीन फिरवू नका. घामाने दमट झालेल्या केसांवर ते प्रश्न ३ सारखंच काम करतं. जुलैमध्ये सरळ वेणी घाला.

विदर्भात उलट तक्रार येते. उन्हाळ्यात केस कोरडे, कंगव्याला चिकटतात, उभे राहतात. तिथे तापमान दहाने कमी ठेवा आणि कंडिशनर वाढवा.

१३. सकाळी केलेले कर्ल्स रिसेप्शनपर्यंत टिकवायचेत. काय करू?

केस आदल्या दिवशी धुवा. त्याच दिवशी धुतलेले केस घसरतात, कर्ल धरत नाहीत. तेल आणि जड कंडिशनर त्या दिवशी नको. पूर्ण वाळलेल्या केसांना थोडा मूस (आकार धरून ठेवणारा फेस) लावून तो ड्रायरने वाळवून घ्या. २५ मिलिमीटरची टाँग, बोटभर जाडीची बट, आठ-दहा सेकंद. बट सोडताना खाली लोंबू देऊ नका. तळहातावर झेला, तशीच गुंडाळी करून मुळाशी पिनेने अडकवा आणि गार होऊ द्या. सगळं डोकं झालं की साडी नेसून घ्या, मेकअप उरका, मग पिना काढा. कंगवा नाही, बोटांनी सोडवा. चेहऱ्याशेजारच्या बटा चेहऱ्यापासून बाहेर वळवा. मागे एक आड एक उलटसुलट, म्हणजे सगळे कर्ल एकात एक मिसळत नाहीत.

हेअर स्प्रे सगळ्यात शेवटी. स्प्रे मारून मग टाँग लावली तर केस चिकटतात, जळका वास येतो.

गजऱ्याबद्दल कोणी विचारत नाही, आणि घात तिथेच होतो. पाण्यात भिजवून आणलेला गजरा मोकळ्या कर्ल्सवर माळला की तासाभरात त्याखालचे कर्ल सरळ. गजरा पंचावर टिपून घ्या आणि अंबाड्याभोवती माळा, मोकळ्या बटांवर नको.

१४. गंगावनावर किंवा एक्स्टेन्शनवर टाँग चालते का?

खऱ्या केसाचं असेल तर चालते, १५० च्या आत. कृत्रिम धाग्याचं असेल तर वितळतं आणि टाँगही जाते. विकणाऱ्यावर विसंबू नका. एक धागा काढा, चिमट्यात धरून, सिंकवर, काडी लावा. खरा केस जळतो, पिसं जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटाने चुरगळते. कृत्रिम धागा आकसतो आणि टोकाला कडक मणी धरतो. हा मणी गार झाल्याशिवाय हात लावू नका.

१५. माझे केस मुळात कुरळे आहेत. काही महिने स्ट्रेटनर वापरला, आता कुरळेपणा परत येत नाही.

भिजवल्यावरही बट सरळच राहत असेल तर तेवढ्या लांबीचा केस उष्णतेने कायमचा बिघडला आहे. मुळाशी उगवणारा नवा केस कुरळाच येईल, पण जुना भाग पुन्हा वळणार नाही. तो टप्प्याटप्प्याने कापून टाकणं हाच उपाय. तोपर्यंत ड्रायरला डिफ्यूजर (हवा पसरवणारं रुंद तोंड) लावा, कमी उष्णता, कमी वेग, बट तळापासून वर उचलून. वाळेपर्यंत हात लावायचा नाही. कुरळे केस कोरडे विंचरू नका, हे सांगूनही कोणी ऐकत नाही, तरी सांगते.

१६. केस रंगवलेत, मेंदी लावते, रिबाँडिंग झालंय. माझ्यासाठी नियम वेगळे का?

ब्लीचने प्रश्न २ मधले पक्के बंधच काही प्रमाणात तुटलेले असतात आणि केसावरचा नैसर्गिक स्निग्ध थर गेलेला असतो. अशा केसाची सहनशक्ती निम्मीही उरत नाही असं समजून चाला. उष्णतेने रंगही लवकर उडतो.

शुद्ध मेंदीचा रंग केराटिनला धरतो. स्ट्रेटनरला मनाई नाही, पण मेंदीनंतर केस ताठ आणि कोरडे लागतात, म्हणून एक न्हाणं आणि एक तेल होऊ द्या. ‘काळी मेंदी’ ही बहुधा मेंदी नसतेच, त्यात हेअर डायचं रसायन असतं. तिला रंगवलेल्या केसांचा नियम.

रिबाँडिंगनंतर पहिले तीन दिवस पाणी, पिना, रबर, कानामागे केस अडकवणं काहीच नाही. नंतरही त्या सरळ केसांवर स्ट्रेटनर कशाला? वाढलेल्या मुळांपुरता फिरवा.

१७. पार्लरवाली म्हणते केराटिन करून घ्या, मग मशीन लागणारच नाही. करू का?

माझ्याच धंद्यातली गोष्ट आहे, तरी सांगते. या ट्रीटमेंटमध्ये द्रव लावून वर बऱ्याच तापमानावर स्ट्रेटनर फिरवतात. म्हणजे उष्णता टळत नाही, एकदम मोठी मात्रा मिळते. काही द्रवांतून तापल्यावर फॉर्मल्डिहाइड वायू सुटतो. डोळे चुरचुरतात, घसा खवखवतो तो त्यामुळे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या यादीत ठेवलं आहे.

‘फॉर्मल्डिहाइड नाही’ असं लिहिलेल्या बाटलीत पुष्कळदा ग्लायऑक्सिलिक आम्ल असतं. फ्रान्समधल्या डॉक्टरांनी २०२४ मध्ये एका तरुणीची हकिगत प्रसिद्ध केली. अशा आम्लाच्या क्रीमने केस सरळ केल्यानंतर तीन वेगवेगळ्या वेळी तिच्या मूत्रपिंडाला इजा झाली होती. इस्राएलमध्येही असे रुग्ण आढळले आहेत. तेव्हा बाटली हातात घेऊन घटक वाचा. बाटली दाखवायला कां-कूं केली तर उठून या. गरोदर असाल, बाळ अंगावर पीत असेल किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर नकोच.

१८. केस फार गळतायत. स्ट्रेटनरमुळे का?

गळणं आणि तुटणं वेगळं. पडलेला केस पांढऱ्या कागदावर किंवा काळ्या कापडावर ठेवून बघा. एका टोकाला बारीक पांढरी गाठ असेल तर तो मुळापासून गळला आहे. दिवसाला ५० ते १०० केस असे जाणं नेहमीचं आहे. गाठ नसेल, लांबी कमी-जास्त असेल, तर तो मधेच तुटला आहे आणि संशय मशीनवर.

टाळू भाजल्याशिवाय स्ट्रेटनर मुळापर्यंत पोचत नाही. बाळंतपण, मोठा ताप किंवा ऑपरेशन झाल्यावर दोन-तीन महिन्यांनी केस मुठीने जातात. रक्तातलं लोह कमी असेल, थायरॉइड असेल तरी जातात. हे डॉक्टरकडचं काम आहे, पार्लरचं नाही.

१९. फाटे फुटलेले शेंडे जोडणारं काही मिळतं का?

नाही. सिरमने तात्पुरते चिकटतात, पुढच्या न्हाण्याला सुटतात. केसावर पांढरे ठिपके दिसत असतील तर तो तिथे तुटायच्या बेतात आहे. ठिपक्याच्या वर बोटभर कापा.

२०. ड्रायर लावला की प्लग तापतो, कधी वीज जाते. मशीन खराब आहे का?

बहुधा सॉकेट चुकलं. आपल्याकडे घरात २३० व्होल्ट असतात आणि लहान सॉकेट ६ अँपिअरचं, म्हणजे सुमारे १३८० वॉटपर्यंतचं. २००० वॉटचा ड्रायर पावणेनऊ अँपिअर ओढतो. त्याला गीझर-इस्त्रीसाठी असतं ते १६ अँपिअरचं मोठं सॉकेट हवं. स्वस्त एक्स्टेन्शन बोर्ड तर नकोच. इन्व्हर्टरवर ड्रायर लावू नका, घरगुती इन्व्हर्टरला तो झेपत नाही. स्ट्रेटनरला वीज फार कमी लागते, त्याला लहान सॉकेट चालतं.

बिलाची काळजी असेल तर हिशेब सोपा: २००० वॉटचा ड्रायर दहा मिनिटं चालला की एक तृतीयांश युनिट.

न्हाणीघरात, ओल्या पायांनी किंवा ओल्या हाताने लावू नका. ड्रायरच्या मागच्या जाळीत केस आणि धूळ अडकली की हवा अडते आणि आतली तार जास्त तापते. महिन्यातून एकदा प्लग काढून जुन्या टूथब्रशने जाळी झाडा. स्ट्रेटनरची प्लेट पूर्ण गार झाल्यावर ओलसर फडक्याने पुसा. वायर मशीनभोवती घट्ट गुंडाळू नका, ती मुठीपाशीच तुटते.

२१. मुलगी आठ वर्षांची आहे. गॅदरिंगला कर्ल्स हवेत म्हणते.

रात्री दमट केसांच्या सहा-सात वेण्या घाला, सकाळी सोडा. मुलांचे केस बारीक असतात, मूल मान हलवतं, आणि टाँग कानाला लागायला एक क्षण पुरतो. ड्रायर हवा असेल तर गार किंवा कोमट हवेवर.

२२. टाँग लागून मान भाजली. टूथपेस्ट लावली तर चालेल?

नाही. टूथपेस्ट, हळद, तेल, बर्फ काही नाही. नळाच्या साध्या वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटं धरा, मान असेल तर मगाने सतत पाणी सोडत राहा. गळ्यातलं मंगळसूत्र, साखळी आधी काढा. फोड आला तर फोडू नका. भाजलेली जागा मोठी असेल, डोळ्याजवळ असेल किंवा लहान मूल असेल तर लगेच डॉक्टर.

२३. नणंदेने अमेरिकेहून ड्रायर आणलाय. प्लग बदलून वापरू का? आणि माझा तिकडे नेता येईल?

प्लग बदलल्याने व्होल्टेज बदलत नाही. अमेरिकेत १२० व्होल्ट, इथे २३०. तिथला १८७५ वॉटचा ड्रायर इथे लावला तर जवळपास पावणेचारपट वीज ओढू पाहतो आणि काही क्षणांत जळतो. मुठीजवळचं लेबल वाचा. ‘१००-२४० व्होल्ट’ असेल तर फक्त अडॅप्टर पुरे. स्ट्रेटनरवर असं पुष्कळदा लिहिलेलं असतं, ड्रायरवर क्वचित. प्रवासाच्या काही ड्रायरना व्होल्टेज बदलायची खिटी असते, ती नाण्याने फिरवावी लागते; विसरलात तर तेच होणार. इथला ड्रायर तिकडे लावला तर जळत नाही, पण उष्णता चौथाईवर येते आणि केस वाळतच नाहीत. दुबई-लंडनला मात्र व्होल्टेज आपल्यासारखंच, फक्त प्लग वेगळा.

विमानात वायरवाला ड्रायर किंवा स्ट्रेटनर न्यायला अडचण नसते. बिनवायरच्या मशीनमध्ये लिथियम बॅटरी असते. ते चेक-इनच्या बॅगेत न टाकता हातातल्या बॅगेत ठेवा, आणि तिकीट काढल्यावर त्या एअरलाइनचा नियम एकदा वाचून घ्या, कारण बॅटरी काढता येत नसलेल्या तापणाऱ्या वस्तूंबाबत काही कंपन्या जास्त कडक आहेत.